जाऊन येते हं!

'कार्टून काय बघायचं या वयात!' म्हणून मी ओट्यापाशीच होते. पण भाचीनं हात धरून बसवलंच. जपानी चित्रपट, नाव 'सुझुमे'. मकोतो शिंकाई यांचा, २०२२ सालचा. आपल्याकडे एप्रिल २०२३ मध्ये लागला होता.

सुझुमे सतरा वर्षांची. ११ मार्च २०११ च्या भूकंपात नि त्सुनामीत तिची आई गेली, तेव्हा ती अवघी चार वर्षांची. त्या संकटात १८,००० हून जास्त माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. आम्ही केळव्याच्या बायका, समुद्र दाराशीच. आणि डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर २०१८ पासून जमीन हलू लागली, तेव्हा लेकरं घेऊन उघड्यावर झोपायची पाळी आपल्याच जिल्ह्यात आली होती. त्यामुळे हसणं लवकरच थांबलं.

ओसाड पडलेल्या जागांतल्या दारांतून भूकंप बाहेर येतो आणि ही पोर ती दारं बंद करत गावोगाव फिरते. सोबत आईनं केलेली चिमुकली खुर्ची, तीन पायांची. ती चक्क पळते!

पण मी अडकले ती मावशीत. माय मरो पण मावशी उरो, असं आपण सहज म्हणून जातो. उरलेल्या मावशीचं काय होतं, ते इथं दिसतं. रोज निगुतीनं भरलेला डबा, सारखे फोन, आणि एके दिवशी भर रस्त्यात सुटलेला तोल: तुझ्यापायी माझी उमेदीची वर्षं गेली! नंतर ती कबूल करते, हे मनात आलं होतं खरं, पण मनात तेवढंच नव्हतं.

मी पदर डोळ्याला लावला. माझी थोरली बहीण गेल्यावर ही भाची माझ्याकडेच वाढली. असंच काहीसं मीही एकदा बोलले होते. तिनं पुढ्यातलं ताट तसंच ठेवलं होतं. त्यावर आम्ही कधी बोललोच नाही.

शेवटच्या दाराशी त्या सकाळचे आवाज ऐकू येतात. 'इत्तेकिमास', म्हणजे जाऊन येतो. आपणही 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो ना! तेच म्हणून माणसं बाहेर पडली होती. सुझुमेही तेच म्हणून दाराला कुलूप लावते.

चित्रपट संपल्यावर मी म्हटलं, "तेव्हा मी बोलले ते..."

"मावशी, मला ठाऊक आहे गं," भाची म्हणाली, "पण तू बोल."

मग बोलले. भात करपला.

सकाळी ती बोईसरच्या गाडीसाठी निघाली. "येते गं!" एरवी मी आतूनच 'हो' म्हणते. आज डबा घेऊन फाटकापर्यंत गेले.