ठासणीच्या बंदुकीचें बूड

ठासणीची बंदूक आतां केवळ ऐतिहासिक चित्रांत आणि संग्रहालयांत उरली आहे, अशी शहरांतील सुशिक्षितांची समजूत असते. ती खरी नाहीं. १९५९ च्या शस्त्र कायद्यांत पिकाच्या राखणीसाठीं ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याबद्दल निराळा उल्लेख आहे, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे अशा परवान्याच्या बंदुका कित्येक शेतकऱ्यांच्या घरीं आजही आहेत. २०२४ सालापासून अहिल्यानगर या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या आपल्या जिल्ह्यांतही ती अधूनमधून दृष्टीस पडते. डोंगराकडच्या एखाद्या घरीं, किंवा जुन्या वाड्याच्या माजघरांत आजोबांच्या तसबिरीशेजारीं खुंटीला टांगलेली. श्रोतेहो, तिच्या पराक्रमाविषयीं आज मी बोलणार नाहीं. तिच्या बुडाविषयीं बोलणार आहे. बंदूक उडाली म्हणजे गोळी पुढें जाते हें सर्वांस ठाऊक असतें. परंतु दारूचा जो वायु गोळीला पुढें लोटतो, तो तितक्याच जोरानें मागेंही लोटत असतो. आणि तो वायु व नेम धरणाऱ्याचा डोळा यांच्यामध्यें असतो अंगठ्याएवढा एक लोखंडाचा तुकडा. त्या तुकड्याची निगा कशी राखावी, एवढाच आजचा विषय. (दारू म्हणजे येथें बंदुकीची काळी दारू समजावी, दुसरीविषयीं बोलण्याचा मला अधिकार नाहीं.)

हा तुकडा मुळांत लागतोच कशाला, तें आधीं पाहूं. मलिक-ए-मैदान ही विख्यात तोफ १५४९ सालीं आपल्याच नगरांत मुहंमद बिन हुसेन रूमी या कारागिरानें ओतली. ती आज विजापूरच्या बुरुजावर आहे. ती ओतीव आहे. धातूचा रस साच्यांत पडला तेव्हांच तिचें बूड तिच्या अंगाशीं एकजीव झालें. जुन्या हातबंदुकीच्या नळीचें तसें नाहीं. लोखंडाची पट्टी दांड्याभोंवतीं गुंडाळून, तापवून आणि ठोकून ती सांधलेली असते. म्हणजे जन्मतः ती पाण्याच्या नळासारखी दोन्ही बाजूंनीं मोकळी. तिचें एक टोंक मिटविल्याखेरीज तिची बंदूक होत नाहीं. म्हणून नळीच्या मागच्या टोंकास आंतून आटे पाडतात, आणि तसेच आटे पाडलेलें भरीव लोखंडी बूच त्यांत पिळून घट्ट बसवितात. इंग्रजींत यास ब्रीच प्लग म्हणतात. आपण बुडाचें बूच म्हणूं.

दिसावयास हें साधें, पण साधावयास सोपें नव्हतें. १५४३ सालीं पोर्तुगीज माणसें जपानच्या तानेगाशिमा बेटावर उतरलीं. त्यांच्याजवळच्या बंदुका तेथील सरदारानें विकत घेतल्या आणि आपल्या लोहारांस तशाच घडवावयास सांगितलें. १६०६ सालीं लिहिलेल्या ‘तेप्पोकी’ या जपानी वृत्तांतांत म्हटलें आहे कीं, बंदुकीचा बाहेरचा आकार हुबेहूब उतरला, परंतु बूड कसें मिटवावें तें कांहीं उमगेना; पुढल्या वर्षीं एक पोर्तुगीज लोहार आला, त्याच्यापासून ती विद्या शिकल्यावर मग काम पुरें झालें. तलवार घडविण्यांत ज्यांचा हात धरणारा विरळा, अशा कारागिरांस या आट्यांनीं अडविलें होतें.

बुचाचा पुढचा चेहरा नळीच्या आंत असतो. दारू ठासली जाते ती त्याच्यावर. मागें त्याला शेपटासारखी पट्टी असते, ती दस्त्यावर स्क्रूनें आवळलेली असते. बुचाच्या अगदीं लगत, नळीच्या कुशीला, कान म्हणजे आग आंत जाण्याचें भोंक असतें. जुन्या तोड्याच्या किंवा चकमकीच्या बंदुकींत या कानापाशीं रंजक पेटवीत. केपेच्या बंदुकींत त्या जागीं एक लहानशी पोकळ दांडी असते. तिच्यावर तांब्याची केप बसवावयाची आणि घोडा तिच्यावर आपटावयाचा. ही दांडीही आट्यांवरच बसलेली असते, हें ध्यानांत ठेवावें. तिचें काम पुढें येणार आहे.

आतां बिघाड कसा होतो तो पाहूं. काळी दारू जळते तेव्हां ती सगळीच वायुरूप होत नाहीं. वजनानें पाहिलें तर तिचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपच राहतो. बंदुकीच्या तोंडांतून जो पांढरा धूर निघतो तोही बहुतांशीं याच घन कणांचा. जी राख नळींत उरते तींत पोटॅशियमचे क्षार असतात, आणि हे क्षार हवेंतील ओल ओढून घेतात. पावसाळ्यांत मिठाच्या बरणीला जसें पाणी सुटतें, तशीच ती काळी राख एका रात्रींत ओलसर होते. ही ओल जेथें नळी आणि बूच मिळतात त्या कोपऱ्यांत सर्वांत अधिक सांचते, कारण चिंधी तेथवर नीट पोंचत नाहीं. तेथून ती आट्यांत शिरते आणि गंज धरूं लागतो. गंज हा मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापतो. त्यामुळें आटे एकमेकांस आवळून बसतात आणि बूच हलवूनही हलत नाहीं. मालकाला वाटतें, बूच पक्कें आहे. वास्तविक त्याच वेळीं आट्यांचें लोखंड खाल्लें जात असतें. बाहेरून अधिक घट्ट आणि आंतून अधिक कच्चें, अशी ही स्थिति मोठी फसवी आहे.

म्हणून साफसफाई त्याच दिवशीं, सूर्य मावळण्यापूर्वीं झाली पाहिजे. परंतु नळीला हात लावण्याआधीं एक परीक्षा कधींही चुकवूं नये. बंदूक भरलेली आहे कीं रिकामी? कान किंवा दांडी यांवर केप नाहीं, असें आधीं पाहावें. मग नळीचें तोंड आपणांपासून व इतरांपासून दूर ठेवून गज आंत सोडावा, तो टेकला कीं नळीच्या तोंडाशीं त्यावर खडूनें खूण करावी, गज बाहेर काढून नळीच्या बाहेरून त्या खुणेनिशीं लावून धरावा. त्याचें टोंक कानापर्यंत आलें तर नळी रिकामी. तीनचार बोटें अलीकडेच राहिलें तर आंत कांहींतरी आहे, आणि तें दारू व गोळी आहे असेंच समजावें. काळी दारू कोरडी राहिली तर कित्येक दशकें जिवंत राहते. आजोबांनीं कोण्या एका रात्रीं चोराच्या भयानें ठासून ठेवलेली आणि मग खुंटीवर विसरलेली बंदूक नातवाच्या हातांत उडूं शकते. अशी नळी स्वतः उकरावयास जाऊं नये, शेगडीजवळ तर मुळींच नेऊं नये. पोलिसांस कळवावें व परवानाधारक बंदूक-कारागिराकडून ती रिकामी करून घ्यावी.

नळी रिकामी ठरली म्हणजे पहिलें काम पाण्याचें, तेलाचें नव्हे. पुष्कळ लोक येथें चुकतात. तेल क्षारांना विरघळवीत नाहीं, त्यांच्यावर पांघरूण मात्र घालतें, आणि त्या पांघरुणाखालीं गंज सुखानें वाढतो. साबणाचें कोमट पाणी घेऊन, गजाला घट्ट चिंधी बांधून, नळी बुडापर्यंत घासावी. चिंधी पांढरी निघेपर्यंत पाणी बदलावें. अगदीं उकळतें पाणी कांहीं जण वापरतात. त्यानें नळी लवकर वाळते हें खरें, पण तापलेल्या उघड्या लोखंडावर गंजाची तांबूस झांकही तितक्याच लवकर येते. कोमट पाणी बरें. बुडाच्या कोपऱ्यासाठीं गजाच्या टोंकाला सपाट पितळी खरवडणी लावून ती हलक्या हातानें फिरवावी. पितळ लोखंडाहून मऊ असल्यामुळें बुचाचा चेहरा ओरखडत नाहीं. केपेची दांडी असेल तर ती तिच्या मापाच्या पान्यानें काढावी, आटे जुन्या दांतघासणीच्या ब्रशानें धुवावे, कोरडे करावे. हें आटे उघडण्याचें काम मालकानें स्वतः करावें आणि दर खेपेस करावें. मग कोरड्या चिंध्या, एकामागून एक, आणि नळी घटकाभर उन्हांत.

यानंतर वंगण. वंगणाचा प्रश्न आपल्या देशांत एकदां केवढा पेटला होता, हें आपणांस सांगावयास नको. १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड रायफल ही ठासणीचीच होती, आणि जो चिकटपणा शिपायांस नकोसा झाला तो तिच्या काडतुसांवरच्या चरबीचा. जानेवारी १८५७ च्या अखेरीस सरकारनें काडतुसें बिनचरबीचीं देऊन शिपायांनीं आपल्या पसंतीचें वंगण स्वतः लावावें अशी मोकळीक दिली. परंतु तोंवर विश्वास उडून गेला होता. आपल्या कामापुरतें सांगावयाचें तें इतकेंच कीं, मधमाशांचें मेण आणि साजूक तूप यांचें मऊ मिश्रण चरबीच्या जागीं उत्तम चालतें. लोणी चालत नाहीं. त्यांत पाणी असतें, विकतच्यांत मीठही असतें. दांडीच्या आट्यांना हें मिश्रण पातळ लावून ती बोटांनीं बसवावी आणि शेवटीं पान्यानें किंचित् आवळावी. जोर करूं नये.

तेलांतही भेद आहेत. जवसाचें तेल हवेवर वाळून कातडें धरतें; दस्त्याच्या लांकडाला तें फार चांगलें, चापाच्या यंत्राला फार वाईट. करडईचेंही कांहींसें तसेंच. खोबरेल आपल्याकडील हिंवाळ्यांत थिजतें. घोडा, चाप आणि त्यांची कमान यांना शिवणयंत्राचें तेल एकेक थेंब पुरतें. तेंच तेल नळींतही अगदीं पातळ हात फिरेल इतकें लावावें. जास्त लावण्याची हौस असते, ती आंवरावी. भिंतीला उभ्या केलेल्या बंदुकींत जास्तीचें तेल ओघळून बुचाशीं सांचतें. पुढच्या खेपेस दारू भिजते, केप फुटते आणि बंदूक उडत नाहीं, किंवा क्षणभर थांबून मग उडते. ही दुसरी गोष्ट अधिक भयंकर, कारण तोंवर माणूस नळीचें तोंड खालीं करून पाहूं लागलेला असतो. म्हणून तेल लावल्यावर नळी एक रात्र तोंड खालीं करून ठेवावी, आणि पुन्हां भरण्यापूर्वीं कोरड्या चिंधीनें बुडापर्यंत पुसून घ्यावी.

मग मुख्य प्रश्न: बुडाचें बूच स्वतः काढून धुवावें कीं नाहीं? जुन्या बंदुकीचें काढूं नये, असें माझें स्पष्ट मत आहे. पूर्वींच्या पलटणींतही शिपायास ही मोकळीक नसे. तें काम शस्त्रकारागिराचें. कारण असें कीं, बूच शेवटच्या आट्यापर्यंत आवळून, त्याचें शेपूट बरोबर दस्त्याच्या रेषेंत येईल असें एकदांच बसविलेलें असतें. शेगड्यावर नळी दाबून आणि लांब पान्यानें झटके देऊन तें सोडविलें कीं आट्यांची धार मोडते. परत बसवितांना तें आपल्या जागेवर न थांबतां पुढें सरकतें. मग त्याखालीं पत्र्याची चकती घालणें वगैरे युक्त्या सुरू होतात. त्या युक्त्यांच्या मागें आपला चेहरा असतो.

याच्या उलट एक जात आहे. १९८५ सालीं टोनी नाइट या अमेरिकन कारागिरानें एमके-८५ ही नव्या धर्तीची ठासणीची रायफल आणली. तींत केपेची आग कुशींतून न जातां सरळ मागून जाते, आणि बूच हातानें काढतां यावें म्हणूनच मोठ्या आट्यांचें केलेलें असतें. तिकडील शिकारी तें दर खेपेस काढतात, आटे ब्रशानें धुतात, आटे धरूं नयेत म्हणून तांबें किंवा ग्रॅफाइट मिसळलेलें घट्ट ग्रीस लावतात आणि हातानें परत बसवितात. तेथें न काढणें हा दोष. तिकडच्या पुस्तकांतून किंवा चित्रफितींतून हें पाहून कोणी आजोबांच्या बंदुकीवर तो प्रयोग करूं पाहतो, म्हणून एवढें सांगितलें.

जुन्या बुचाची प्रकृति मात्र बाहेरून ओळखतां येते. नळी आणि बूच यांच्या सांध्यावर कारागिरानें छिन्नीनें एक बारीक रेघ मारलेली पुष्कळदां आढळते. अर्धी नळीवर, अर्धी बुचावर. ते दोन अर्ध एका ओळींत नसतील तर बूच फिरलेलें आहे. सांध्याभोंवतीं बार झाल्यावर काजळीची रेघ उमटत असेल तर आट्यांतून वायु येत आहे. तांबूस पाणी झिरपल्याचा डाग असेल तर आंत गंज आहे. यांपैकीं एकही खूण दिसली तर ती बंदूक पुन्हां भरूं नये. ती लोहाराकडे नेऊं नये, त्याचा हात कितीही चांगला असो. शस्त्राची दुरुस्ती करणाऱ्यासही त्याच १९५९ च्या कायद्याप्रमाणें परवाना लागतो.

हवेचाही विचार करावा. नगर शहरांत पाऊस बेताचा. परंतु अकोले तालुक्यांत घाटघर-रतनवाडीकडे तो त्याच्या कित्येक पटींनीं पडतो आणि महिनेच्या महिने भिंती ओल्या असतात. तेथें बंदूक भिंतीला टेकवून किंवा गोणपाटांत गुंडाळून ठेवूं नये. गोणपाट ओल धरतें. तेलाच्या हाताची कोरडी सुती पिशवी, जमिनीपासून उंच, चुलीच्या उबेपासून दूर, आणि दर पंधरा दिवसांनीं सांध्यावर तेलाचा एक थेंब.

शेवटची गोष्ट परवानाधारकांसाठीं. निवडणुकीच्या काळांत पुष्कळांना बंदूक पोलीस ठाण्यांत जमा करावी लागते, आणि ती कित्येक आठवडे तेथेंच राहते. जमा करण्याच्या आदल्या दिवशीं ती वर सांगितल्याप्रमाणें धुवून, वाळवून, तेल लावून, रिकामी असल्याची गजानें खात्री करून मगच न्यावी. न धुतलेली बंदूक तेथें कोणी धुणार नाहीं. परत आणल्यावरही प्रथम गज टाकून पाहावा, सांध्यावरची रेघ पाहावी, आणि कोरडी चिंधी बुडापर्यंत घालून ती कोणत्या रंगाची निघते तें उजेडांत नेऊन पाहावें.