उपवास घडतो, यकृताला कळत नाही

“म्या त दारूले कधी हातबी नाई लावला. मंग लिव्हर कायले खराब झालं?” सेलूच्या माझ्या मावशीचा हा सवाल. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर होतं, ‘फॅटी लिव्हर, ग्रेड २’. सेवाग्राममुळे आमच्या वर्धा जिल्ह्यात कित्येक वर्षं दारूबंदी आहे. लिव्हरचं दुखणं निघालं की लोक आधी चोरट्या दारूचाच संशय घेतात. मी हिंगणघाटला जीवशास्त्र शिकवते. मावशीसारख्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे.

यकृताच्या पेशींत न्यूक्लिअर रिसेप्टर नावाची प्रथिनं असतात. चरबी, पित्ताम्ल, थायरॉइडचं संप्रेरक यांपैकी आपापला रेणू येऊन चिकटला की ती डीएनएवरची ठरावीक जनुकं चालू किंवा बंद करतात. माणसात ती ४८ प्रकारची आहेत.

त्यातलं एक पीपार-अल्फा. पोट बराच वेळ रिकामं राहिलं की अंगातली चरबी सुटून यकृतात येते, या रिसेप्टरला चिकटते आणि चरबी जाळणारी जनुकं कामाला लागतात. एकादशीला मात्र आपण साबुदाण्याची उसळ, बटाटा आणि गोड चहा घेतो. इन्सुलिन वाढतं, साठलेली चरबी सुटत नाही. उलट जास्तीच्या साखरेची यकृत नवी चरबी करतं.

औषधंही आता याच रिसेप्टरांवर बेतलेली आहेत. अहमदाबादच्या झायडसचं सारोग्लिटाझार पीपारच्या अल्फा आणि गॅमा या दोन्ही प्रकारांवर चालतं. भारतात त्याला २०१३ मध्ये मधुमेहींच्या रक्तातल्या चरबीसाठी आणि २०२० मध्ये चरबीमुळे यकृताला येणाऱ्या सुजेसाठी परवानगी मिळाली. अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये रेस्मेटिरॉमला मान्यता मिळाली. ते थायरॉइडच्या रिसेप्टरवर काम करतं.

मावशी थायरॉइडची गोळी घेते. “मंग थेच वाढवू का माय?” तिनं विचारलं. मुळीच नाही. थायरॉइडच्या रिसेप्टरचा बीटा प्रकार यकृतात जास्त, अल्फा हृदयात जास्त. रोजची गोळी दोन्हींवर चालते, वाढवली तर छाती धडधडेल. रेस्मेटिरॉम मुख्यतः बीटालाच धरतं.

मात्र अशी औषधं डॉक्टरांनी ठरवूनच घ्यायची. वजन ५ टक्के उतरलं तरी यकृतातली चरबी कमी होते. ७ ते १० टक्के उतरलं तर सूजही ओसरू लागते. सत्तर किलोच्या बाईसाठी सुरुवात साडेतीन किलोंची. घरात कुणाचा असा रिपोर्ट आला तर दारूची चौकशी करत बसू नका. रक्तातली साखर तपासा आणि यकृत कडक होऊ लागलंय का, हे डॉक्टरांना विचारा.