दोन काचांमधली झिलमिली

8 जून 2014 रोजी वर्सोवा ते घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि अंधेरीतल्या कितीतरी खिडक्यांना कायमचे पडदे लागले. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या उंचीवरून गाडी जाते. काही ठिकाणी तर घरातली माणसं जेवायला बसलेली दिसावीत इतक्या जवळून. पुढे 2022-23मध्ये दहिसरहून अंधेरीकडे येणारे दोन मार्ग झाले आणि लिंक रोड व द्रुतगती महामार्गालगतच्या बोरिवली, कांदिवली, मालाडकरांवरही तीच वेळ आली. पडदा ओढावा तर घरात अंधार, उघडावा तर आडोसा जातो. शिवाय त्या पडद्यावर आठवड्याभरात रस्त्याची काळी धूळ बसते, ती वेगळीच.

या अडचणीवरचा एक उपाय आता उपनगरांतल्या नव्या इमारतींत, दवाखान्यांत दिसू लागला आहे. खिडकीला एकाऐवजी दोन काचा, त्यांच्यामध्ये हवाबंद पोकळी, आणि त्या पोकळीतच अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांचा ब्लाइंड. बटण दाबलं की पट्ट्या वळतात, वर जातात, खाली येतात. धूळ त्यांच्यापर्यंत पोचूच शकत नाही. पुसायची ती फक्त काच.

कल्पना आपल्याला परकी नाही. जुन्या मुंबईतल्या घरांच्या खिडक्यांना लाकडी पट्ट्यांची झडप असे, तिला झिलमिली म्हणत. वारा आत, ऊन बाहेर, आणि आतून रस्ता दिसतो पण रस्त्यावरून आतलं दिसत नाही, अशी ती सोय होती. तिची एकच खोड: प्रत्येक पट्टी वेगळी पुसावी लागे, आणि दिवाळीच्या आधी ते काम घरातल्या बायकांच्याच वाट्याला येई.

दोन काचांची जोडी हीही जुनीच गोष्ट. अमेरिकेतल्या थॉमस स्टेटसन यांनी 1865मध्ये तिचं पेटंट घेतलं, ते थंडीसाठी. आपल्याकडे धंद्यात तिला ‘डीजीयू’ म्हणतात. दोन काचांच्या कडेने अ‍ॅल्युमिनियमची पोकळ पट्टी फिरते, तो स्पेसर. त्याच्या पोटात ओलावा शोषणारे बारीक मणी भरलेले असतात. स्पेसर आणि काच यांच्यामध्ये ब्युटाइलचा चिकट थर, आणि त्याबाहेर सिलिकॉन किंवा पॉलिसल्फाइडचा दुसरा थर. या जोडीचं आयुष्य त्या दोन थरांवर उभं आहे. ते फुटले की मुंबईची दमट हवा आत शिरते, मणी भिजून निकामी होतात आणि काचेवर आतून धुकं धरतं. ते कोणत्याही फडक्याने पुसता येत नाही.

मग बंद पोकळीतल्या पट्ट्या हलवायच्या कशा? इथली युक्ती मला फार आवडते. कागदावर टाचणी ठेवून खालून लोहचुंबक फिरवण्याचा खेळ आपण सगळ्यांनी खेळला आहे. तेच इथे होतं. एक चुंबक काचेच्या आत, दुसरा बाहेर. बाहेरचा फिरला की आतला फिरतो. काचेला भोक नाही, कडेचा थर शाबूत. इटलीतल्या कोदोन्यो गावच्या पेल्लिनी कंपनीने ही चुंबकाची पद्धत ‘स्क्रीनलाइन’ नावाने जगभर नेली. दुसऱ्या प्रकारात 24 व्होल्टची छोटी मोटर वरच्या पट्टीत, म्हणजे पोकळीतच बसवतात आणि तिची तार कडेतून बाहेर काढतात. दिसायला हा प्रकार अधिक सुबक, कारण बाहेर काहीच दिसत नाही. पण आतली मोटर बंद पडली तर अख्खी काच बदलावी लागते. चुंबकाच्या पद्धतीत मोटर बाहेर असेल तर फक्त मोटर. घरासाठी मी बाहेरचीच निवडेन.

कारागिरीचं खरं काम मात्र मिलिमीटरांत आहे. पोकळी 20 मिलिमीटरची आणि पट्टी साडेबाराची, तर दोन्ही बाजूंना पावणेचार मिलिमीटर उरतात. आतली हवा तापून 30 अंशांनी चढली, तर तिला सुमारे दहा टक्के जास्त जागा हवी असते. काचा बाहेर फुगतात. गार रात्री त्या आत झुकतात. आणि एक गोष्ट तर आपल्या भूगोलाचीच. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंच आहे. तिथे बंद केलेली काच घाट उतरून बोरिवलीला आली की तिच्यावर बाहेरच्या हवेचा दाब वाढतो. घाट उतरताना आपले कान दडपतात, तसा. काचा आत दबतात आणि पट्ट्यांना घासू शकतात. म्हणूनच बाजारातला साधा ब्लाइंड आणून दोन काचांत कोंबता येत नाही. शिवाय त्याचा रंग, दोरी, प्लॅस्टिक उन्हात तापून वाफा सोडतात आणि त्या काचेवर आतून बसतात.

उष्णतेचं काय? खोलीतल्या पडद्यापर्यंत ऊन आलं, म्हणजे ते घरात आलंच. पडदा तापतो आणि खोली तापवतो. केंद्र सरकारच्या 2018च्या ‘इको निवास संहिते’त भिंती-खिडक्यांतून येणाऱ्या उष्णतेची मर्यादा चौरस मीटरला 15 वॅट आहे, आतला पडदा त्या हिशेबात धरतच नाहीत, बाहेरचा छज्जा धरतात. काचांमधला ब्लाइंड या दोघांच्या मधला. ऊन पोकळीत अडतं आणि त्यातली बरीच उष्णता बाहेरच्या काचेतून परत जाते.

मग छज्जाच का नको? हवाच. सपाट काचेच्या मनोऱ्यांनी छज्जा टाकला ही मोठी चूक झाली, असं मी मानतो. मुंबईत मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस सूर्य थेट डोक्यावर येतो. त्या उन्हाला आणि पावसाला छज्जा पुरतो. पण पश्चिमेचं पाच वाजताचं तिरकं ऊन त्याच्या खालून शिरतं. आपल्याकडे वारा आणि समुद्र पश्चिमेला, आणि ऊन-पाऊसही तिकडूनच. चार्ल्स कोरिया यांनी 1983च्या ‘कांचनजंगा’ इमारतीत खोल, दुमजली गच्च्या ठेवून हा पेच सोडवला. दोन खोल्यांच्या फ्लॅटला तेवढी जागा कुठून आणायची? तिथे या पट्ट्यांना खरा अर्थ आहे.

त्याहून मोठा अर्थ दवाखान्यात आहे. अतिदक्षता विभागाच्या दारातून परिचारिकेला रुग्ण दिसला पाहिजे, आणि अंग पुसताना तो कुणालाच दिसता कामा नये. कापडी पडदा हात लागून मळतो, धुवावा लागतो. इथे हात लागतो तो गुळगुळीत काचेला, आणि ती क्षणात पुसता येते. सरकारी, पालिकेच्या रुग्णालयांची नवी दारं बनवताना याचा विचार व्हायला हवा.

घरासाठी घेणाऱ्यांना एवढंच सांगेन. किंमत साध्या सरकत्या खिडकीच्या कितीतरी पट आहे, आणि खिडकी बंद ठेवली तरच हे सगळं उपयोगाचं. वारा हवा असेल तर उघडणारं तावदान वेगळं ठेवा. काचांची जोडी कुठे बंद केली, मोटर आत की बाहेर, हे खिडकी बनवणाऱ्या फॅब्रिकेटरला विचारा. काचेच्या सांध्याची आणि मोटरची वॉरंटी वेगवेगळी लिहून घ्या. आणि आधी पश्चिमेची एकच खिडकी करा. तिचा एक पावसाळा जाऊ द्या, मग बाकीच्यांचं ठरवा.