सोपाऱ्याचा दगड आणि नवसाचा बोकड

चैत्र-वैशाख लागला की आपल्या कुळगाव-बदलापूरच्या वस्त्यांतून गावाकडच्या जत्रेची बोलावणी फिरू लागतात. "नवस फेडायचा आहे, पोरांना घेऊन या," असा आत्याचा निरोप येतो. घरातली तरुण मुले म्हणतात, आपण बौद्ध, आपण कसे जायचे? म्हातारी माणसे म्हणतात, नाते तोडायचे का? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतील तेरावी प्रतिज्ञा प्राणिमात्रांवर दया करण्याची आहे. ती सर्वांना पाठ असते. पण बोकड दारात बांधलेला असताना ती आठवणे कठीण जाते.

या घरगुती भांडणात एका राजकारणी पुरुषाची साक्ष काढावीशी वाटते. तो म्हणजे प्रियदर्शी सम्राट अशोक. त्याची साक्ष फार लांब नाही. आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात, आता पालघरमध्ये गेलेल्या सोपाऱ्यात, ती दगडावर कोरलेली सापडली.

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला. लोक त्या टेकाडाला बुरुड राजाचा कोट म्हणत. टोपल्या विणणाऱ्या बुरुडाच्या नावाने लोकांनी तथागतांचा स्तूप सांभाळला, हे मला फार बोलके वाटते. त्याच साली अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुटका तुकडा तेथे मिळाला. पुढे जवळच्या भुईगावात नवव्या लेखाचा तुकडा मिळाला तो १९५६ साली, म्हणजे आपल्या धम्मदीक्षेच्याच वर्षी!

आठव्या लेखात अशोक सांगतो की, पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत आणि शिकार करीत. आपण मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. राजाची शिकार हा त्या काळी मोठेपणाचा थाट होता. तो सोडणे म्हणजे आजच्या पुढाऱ्याने मोटारींचा ताफा सोडण्यासारखे आहे.

नववा लेख तर आपल्या आत्याच्या निरोपाला उत्तरच आहे. आजारपण, लग्न, बाळंतपण, प्रवास यांसाठी लोक नाना मंगलविधी करतात, त्यांचे फळ थोडे, असे तो म्हणतो. खरे मंगल कोणते? दास आणि नोकरांशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर आणि प्राण्यांविषयी संयम. या लेखात क्षुल्लक विधींचा ठपका बायकांवर ठेवला आहे, तो मात्र मला मान्य नाही. नवसाच्या बोकडावर सुरी चालवणारे हात पुरुषांचेच असतात.

हा माणूस जन्मतः दयाळू नव्हता. राज्याभिषेकानंतर आठ वर्षांनी त्याने कलिंग जिंकले. एक लाख माणसे मारली गेली, दीड लाख पकडून नेली, हे त्यानेच कोरून ठेवले आहे. पुढे पहिल्या शिलालेखात त्याने यज्ञातील पशुबळीला मनाई केली आणि स्वतःच्या मुदपाकखान्याचा हिशेबही दिला. पूर्वी रोज लाखो जीव कालवणासाठी मारले जात. आता दोन मोर आणि एक हरीण, हरीणही नेहमी नाही, पुढे तेही नाही. दुसऱ्या लेखात माणसांसाठी आणि जनावरांसाठीही औषधोपचार, औषधी वनस्पती, विहिरी आणि झाडे यांची सोय सांगितली आहे.

सव्विसाव्या वर्षीच्या पाचव्या स्तंभलेखात पोपट, मैना, वटवाघूळ, कासव, साळिंदर अशी न मारायच्या प्राण्यांची लांबलचक यादी आहे. गाभण किंवा दूध पाजणारी शेळी, मेंढी, डुकरीण मारू नये, सहा महिन्यांच्या आतील पिल्लू मारू नये, विनाकारण वणवा लावू नये, असेही सांगितले आहे. सोडलेला वळू यादीत आहे. गाईचे वेगळे नाव मात्र नाही.

हे आजच्या गोरक्षकांना कोणी तरी वाचून दाखवावे. महाराष्ट्राने १९९५ साली केलेल्या दुरुस्तीला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि बैलाच्या हत्येलाही बंदी आली. शिक्षा पाच वर्षांपर्यंत. २०१६ साली गुजरातमधील उना येथे मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या आपल्या बांधवांना उघड्यावर फटके मारले. मेलेली गुरे ओढण्याचे काम आधी आपल्याच गळ्यात बांधले, आणि त्याच कामासाठी मारले! ही कसली भूतदया? १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृत मांस सोडा असे सांगितले, ते माणसाच्या इभ्रतीसाठी.

याउलट खऱ्या प्राणिरक्षणाचे कायदे दुबळे राहिले. राज्यसभेच्या सदस्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या प्रयत्नाने १९६० चा क्रूरता प्रतिबंधक कायदा झाला. त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये ठेवला आणि धर्माने सांगितलेली हत्या वगळली. तिकडे इटलीत २००९ ते २०११ पर्यटनमंत्री असलेल्या मिकेला व्हित्तोरिया ब्राम्बिल्ला यांनी हा विषय वर्षानुवर्षे लावून धरला. २०२२ साली तेथील संविधानात प्राण्यांच्या रक्षणाचा उल्लेख आला. २०२५ साली ब्राम्बिल्लांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. तेथे पूर्वी 'प्राण्यांविषयीच्या भावनेविरुद्ध' गुन्हा असे. आता तो 'प्राण्यांविरुद्ध' गुन्हा झाला. शब्द थोडाच बदलला, पण मार खाणारा कोण हे कायद्याने ओळखले.

अशोकाला कायद्याची मर्यादाही ठाऊक होती. सातव्या स्तंभलेखात तो म्हणतो की, अमुक प्राणी मारू नयेत असे नियम मी केले. पण नियमांनी थोडे साधते, मनाला पटवून दिल्याने अधिक साधते. तेव्हा आत्याकडे जायला हरकत नाही. जाऊन तिला हा नववा लेख सांगावा, पंगतीत मात्र बसू नये.

आठव्या लेखाचा तुकडा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. स्तूप पाहायचा तर बदलापूरहून दादरला उतरून पश्चिम रेल्वेने नालासोपारा गाठावे. मुलांना सुट्टीत न्यावे आणि डबा घरूनच घ्यावा.