‘अलोकेशन युनिट साइज’ किती ठेवायचा?

विंडोजमध्ये ड्राइव्ह फॉरमॅट करताना दिसणारा हा रकाना बहुतेक जण न वाचताच सोडून देतात, आणि सहसा त्यांचं काही बिघडत नाही. डिस्कवर फाइलला जागा मिळते ती ठरावीक मापाच्या कप्प्यांत; ‘अलोकेशन युनिट साइज’ म्हणजे या एका कप्प्याचं माप. अर्धवट भरलेला कप्पा दुसऱ्या फाइलला देता येत नाही. एनटीएफएसमध्ये १६ टीबीपर्यंतच्या ड्राइव्हला ४ केबी हे माप आपोआप मिळतं. ३२ जीबीपेक्षा मोठ्या एक्सफॅट पेनड्राइव्हवर मात्र ते १२८ केबी असतं. तिथे ५ केबीच्या १०,००० फाइली टाकल्या, तर जेमतेम ५० एमबीच्या ऐवजासाठी सुमारे सव्वा जीबी जागा अडते! फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘साइज’ आणि ‘साइज ऑन डिस्क’ या आकड्यांत दिसते ती हीच तफावत. सिनेमे, लग्नाचे व्हिडिओ अशा मोठ्या फाइलींना याची झळ लागत नाही. उलट मोठ्या कप्प्यांमुळे त्यांचे तुकडे कमी पडतात. एनटीएफएसचं कॉम्प्रेशन हवं असेल, तर ४ केबीच्या वर जाऊ नका. विंडोज ज्या ड्राइव्हवर आहे, तिथे तर ‘डिफॉल्ट’च बरा. माप नंतर बदलायचं झालं तर साधारणपणे पुन्हा फॉरमॅट करावं लागतं, म्हणजे आतलं सगळं पुसलं जाणार. आधी बॅकअप घ्या.