अथेन्समधील नमाजाची जागा

ग्रीसची राजधानी अथेन्स पाहताना आपण आधी अ‍ॅक्रोपोलिसची टेकडी चढतो. वरचे पार्थेनॉन इ.स.पू. ४४७ मध्ये बांधायला घेतलेले देवालय. पुढे ते चर्च झाले, उस्मानी काळात मशीद. १६८७ मध्ये व्हेनिसच्या तोफगोळ्याने आतला दारूसाठा उडाला नि इमारत फुटली.

खाली मोनास्तिराकी चौकात १७५९ ची मशीद दिमाखात उभी आहे. पण ती आता संग्रहालयाकडे आहे. शहरातले मुसलमान वर्षानुवर्षे तळघरांत नमाज अदा करत राहिले. अखेर २०२० मध्ये व्होतानिकोस भागात सरकारने बांधलेली मशीद उघडली. तिला मिनार नाही. मात्र मशीद आबाद होते ती सफांनी. आपल्यापैकी कुणी अथेन्सला गेले, तर तिथेही दोन रकात अदा करावी.