ताटातील वरणाची साक्ष

वाशिम जिल्ह्यातील मंगरुळपीर तालुक्यात वसलेले आसेगाव हे सोयाबीन, तूर आणि हरभरा पिकविणाऱ्या मुलखातले गाव. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के, तर तूरडाळीत सुमारे २२ टक्के प्रथिने असतात. तरीही आपल्याकडे आजाऱ्याला आणि लहानग्याला ‘पचायला हलके’ म्हणून पुष्कळदा वरणाचे वरचे पाणी किंवा साबुदाण्याची पेज दिली जाते. या पथ्यामागे माया असते. पोषण किती असते, ते मात्र शाळेतील दोन साध्या परीक्षांनी उमगते.

गार भातावर टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाकले की तो निळसर काळा होतो; ही पिष्टाची खूण. साबुदाणाही तसाच काळवंडतो. प्रथिनांसाठी हळद न घातलेल्या शिजल्या डाळीच्या निवळीत कॉस्टिक सोडा आणि मोरचुदाच्या सौम्य द्रावणाचे थेंब मिसळतात. जांभळा रंग प्रथिनांची ग्वाही देतो. साबुदाण्याच्या पेजेत तो रंग दिसत नाही, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्टच. कॉस्टिक सोडा त्वचा जाळतो, म्हणून ही दुसरी परीक्षा शिक्षकांच्या देखरेखीखालीच व्हावी आणि तपासलेले अन्न कोणी खाऊ नये.

पिष्ट आणि प्रथिने यांचे रेणू म्हणजे लांबलचक साखळ्या; आतड्याच्या अस्तरातून त्या आहेत तशा पार होऊ शकत नाहीत. पचन म्हणजे या साखळ्यांची कडी कडी सोडविणे. त्याचा आरंभ मुखातच होतो. पातळ पेजेच्या दोन परीक्षानळ्या घेऊन एकीत लाळ मिसळावी आणि दोन्ही कोमट पाण्यात काही वेळ ठेवाव्यात. नंतर आयोडीन टाकल्यास लाळेविना असलेली पेज निळी होते, लाळेची मात्र होत नाही किंवा फिकीच राहते. लाळेतील विकराने पिष्टाची शर्करा केलेली असते. सावकाश चावून जेवण्याचा वडीलधाऱ्यांचा आग्रह असा नळीत सिद्ध होतो. प्रथिनांचे विघटन जठरातील आम्ल आणि पेप्सिन सुरू करतात. सुमारे सहा मीटर लांबीच्या लहान आतड्यात त्यांची अमिनो आम्ले होतात आणि रसांकुरांवाटे रक्तात जातात.

रंग पदार्थाची ओळख पटवितो. त्याचे प्रमाण जाणण्यासाठी हिशेबच मांडावा लागतो. शालेय पोषण आहारात प्राथमिक वर्गातील मुलासाठी रोज १०० ग्रॅम तांदूळ व २० ग्रॅम डाळ आणि त्यांतून ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने असा निकष आहे. तांदळातून सुमारे ७ आणि डाळीतून सुमारे साडेचार ग्रॅम प्रथिने मिळतात. बेरीज कशीबशी निकषाजवळ पोहोचते. म्हणजे डाळीचा पळीभर ऐवज कमी झाला, तरी मुलाच्या खात्यात तूट येते. शिवाय तांदळात जे लायसिन उणे, ते डाळीत विपुल. डाळीत जे मेथिओनिन उणे, ते तांदळात पुरेसे. खिचडीची थोरवी या परस्परपूरकतेत आहे.

शाकाहारी कुटुंबात डाळ हा प्रथिनांचा मोठा आधार. म्हणून आजारातून उठणाऱ्याला वैद्यकीय मनाई नसेल, तर वरचे पाणी न देता तळापासून घोटलेले मऊ वरण द्यावे. ते हलकेही असते आणि शरीराची झीज भरून काढण्याचे सामर्थ्यही त्याच्या तळाशीच असते.